एकेचाळीस नंबरचा आलेख

६ मार्च, सोमवार
परत तेच! मीटिंगमध्ये सर म्हणाले, "हिच्यासारखी नजर हवी." हिच्यासारखी! या नव्या टेक्निशियनला, नवीला, येऊन आठ महिने झालेत. मी अकरा वर्षं या प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्या हाताळतेय, ते काय गंमत म्हणून? वर ती म्हणते कशी, "ताईंनीच शिकवलं, सर." अंगाचा नुसता तिळपापड झाला.

७ मार्च
सापडलं! आणि मला सापडलं! एकेचाळीस नंबर — सहा वर्षांची पोर. मोठ्या भावाला मधुमेह, म्हणून दर तीन महिन्यांनी हिचंही रक्त तपासतो. (रक्त देताना विचारते, "माझं दादापेक्षा लाल आहे ना?") साखर काठावर, पण मधुमेहाची आधीच चाहूल देणारी रक्तातली चार प्रथिनं गेल्या तीन खेपांपासून वर सरकतायत. या खेपेला चारच्या चार चढलीत. माझ्या वहीतल्या आलेखावर पेन्सिलीने गोल केला, शेजारी तारीख घातली.

नियम सरळ आहे — दिसलं की त्याच दिवशी पोरीच्या डॉक्टरांना कळवायचं. पण कौतुक करायला सर इथे कुठेत, ते परगावी. मी आज बोलले तर सोमवारपर्यंत ते शिळं होणार, आणि कौतुक पुन्हा तिचंच. नाही! सोमवारी भर मीटिंगमध्ये मीच सांगणार.

८ मार्च
वही ड्रॉवरमध्ये ठेवली. तिला दिसायला नको.

९ मार्च
पोरीच्या आईचा फोन. नेमका मीच उचलला. "हल्ली पाणी फार पिते हो. उन्हामुळे असेल का?"
मी म्हटलं, "असेल."
असेल! जीभ कशी झडली नाही माझी?

१० मार्च
दोनदा डॉक्टरांचा नंबर फिरवला, दोनदा ठेवला. नवीने न सांगता चहा आणून दिला. "ताई, बरं वाटत नाही का?" हिला कुणाचा राग कसा येत नाही? तेच तर मला सहन होत नाही. उद्या शनिवार — ड्युटी तिची, मला सुट्टी.

१३ मार्च, सोमवार
पोर शनिवारपासून दवाखान्यात. वेळेवर आणली म्हणून निभावलं, म्हणाले डॉक्टर. सरांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं — माझं! मला काही कळेना. मग डॉक्टरांना पाठवलेला कागद पाहिला. नवीचं अक्षर. "प्रथम लक्षात आलं" — आणि पुढे माझं नाव.

म्हणजे माझी वही तिने उघडली होती. पेन्सिलीचा गोल पाहिला, शेजारची सात तारीखही पाहिली.

कागदावर, माझ्या नावाशेजारी, तिने अकरा घातलीये.