जिभेवरची साय

मालेगाव (जि. वाशिम),
मंगळवार, १४ ऑक्टोबर

भागिरथाताई,

माझं सगळं बिघडलं ते वाशिमच्या दवाखान्यात, बावीस सप्टेंबरला, सकाळी साडेअकरा वाजता. डॉक्टरीणबाईंनी एक साधा प्रश्न विचारला तेव्हा. तो काय होता ते लिहितोच, पण आधी रीतीचं उरकतो. मी बरा आहे. आईचा गुडघा तसाच. बाबांनी नवीन चष्मा केला आणि आता सगळ्यांच्या चुका दिसतात म्हणतात. इंझोरीला भाऊजींना नमस्कार सांग, पोरीचा पापा घे.

काल तुझा फोन मधेच कापला म्हणून रागावू नको. तू म्हणालीस, "मुन्ना, रूपालीची सोयरीक मोडली. आता तिले कोनी करत नाही. तिच्या मायजवळ, रुख्मिणीकाकूजवळ, तुह्या नावाचा शब्द टाकू का?" ताई, तीन वर्षं मी हेच वाक्य कोणाच्या तरी तोंडून ऐकायला टपलेलो. ऐकलं आणि फोन भिंतीवर फेकला. काच फुटली. म्हणून हे पत्र. तसंही फोनवर तू मधात बोलतेस, मग मी भडकतो आणि सांगायचं ते राहूनच जातं.

तुला वाटत असेल, हा बीमारीला भ्याला. गावात काय बोलून राह्यले ते इंझोरीपर्यंत आलंच असेल. तर ऐक, रूपालीला तो आजार नाही. रिपोर्ट मी स्वतः वाचला, निगेटिव्ह आहे. पण एचआयव्हीची चिठ्ठी घेऊन ती रांगेत उभी होती तेव्हा आपल्या गावचं कोणीतरी मागे उभं होतं. चिठ्ठी पाहिली त्यानं. रिपोर्ट पाहायला कोण थांबतं? आठ दिवसांत मानोऱ्याच्या पाहुण्यांचा निरोप आला, साक्षगंध राहू द्या.

ऑगस्टात घरोघरी ताप होता. व्हायरल. पुंजाजीकाकांकडे आधी काकू पडल्या, मग रूपाली. पाच दिवसांत ताप उतरला, पण तिला बाजेवरून उठवेना. साक्षगंध महिन्यावर आलेलं. एक दिवस ती मेडिकलवर आली. मालक देवमनभाऊ जेवायला गेले की दुकान माझ्याच हाती असतं, हे तिला ठाऊक होतं.

"मुन्ना, ताकदीचं काही दे ना. पाव्हण्यायसमोर अशी भुतावानी उभी राहू का?"

मी दिलं. एक जोरदार अँटिबायोटिक, आणि त्या बारीक पांढऱ्या स्टेरॉईडच्या गोळ्या, ज्या आपल्याकडे अंग भरायला सगळेच मागतात. व्हायरल तापावर अँटिबायोटिक चालत नाही हे फार्मसीच्या पहिल्याच वर्षाला शिकवतात. पहिलं वर्ष मी पास आहे, ताई. सरांची कॉलर धरून कॉलेज सुटलं ते दुसऱ्या वर्षी. म्हणजे मला माहीत होतं. पण ती म्हणाली, "घरी नाही सांगत. तुह्या हातचं हाय." ते इतकं गोड लागलं की मी आणखी दोन स्ट्रिपा काढून दिल्या.

वीसेक दिवसांनी तिच्या जिभेवर पांढरं आलं. आधी दुधावरच्या सायीसारखं पातळ, मग गालांच्या आतून, घशापर्यंत. भाकरीचा घास उतरेना. घरात ठेचा कुटला तरी तिच्या डोळ्यांत पाणी. काकूंनी तूप लावून पाहिलं, मध लावून पाहिला. शेवटी मीच ऑटो करून दोघींना वाशिमला नेलं.

डॉक्टरीणबाईंनी जीभ खरवडून पाहिली. म्हणाल्या, "ही बुरशी आहे, कँडिडा. सगळ्यांच्याच तोंडात थोडी असते, गप पडून असते. असा ताप येऊन गेला आणि अंगातली शक्ती उतरली की कधी कधी वाढते. नुसत्या तापानं एवढी वाढेल का, छातीठोक सांगता येत नाही. वाढतही असेल. आणखी काही गोळ्या-औषध चालू होतं का?"

काकू म्हणाल्या, "नाही बाई, काईच नाही." त्यांना माहीतच नव्हतं. रूपालीनं माझ्याकडे पाहिलं. ताकदीची गोळी औषधात मोजायची असते हे आपल्याकडे कोणाला कळतं? तिनं सांगू का असं विचारल्यासारखं पाहिलं. मी वजनकाट्याकडे पाहत राहिलो. मग तीही म्हणाली, "नाही."

कारण सापडेना म्हणून बाईंनी ती तपासणी लिहिली. त्यांची काय चूक?

येताना ऑटोत मी बाईंचं एकच वाक्य घोळवत होतो, नुसत्या तापानंही वाढत असेल. तीन आठवडे मी त्या 'असेल'मध्ये लपून बसलो. आणि ताई, सोयरीक मोडल्याचं कळलं त्या दिवशी मी दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन एकटाच हसलो. हे लिहायचं नव्हतं. पण हसलो.

गेल्या शुक्रवारी ती दुकानात आली. तोंडाला बांधलेली ओढणी तिनं सोडली, तर चेहरा सुजून गोल झालेला.

"भरला ना चेहरा?" म्हणाली. "त्या बारीक गोळ्या सरल्या. आनखी दे."

मला वाटलं होतं, तिनं त्या कधीच बंद केल्या असतील. इकडे बुरशीचं औषध, वरून रोज माझ्या गोळ्या. मग जीभ बरी कशी होणार?

"येडी हायेस का? बंद कर त्या!" मी ओरडलोच.

"करून पाह्यल्या. हातपाय गळतेत, चक्कर येते."

"मंग डॉक्टरले काहून नाही सांगतलं?"

"तुले कामावरून काढतीन म्हून मी नाही बोलली. तू कायले नाही बोलला, मुन्ना?" तिनं ओढणी परत बांधली. "सोयरीक मोडली. तुले तं बरं झालं."

रागानं म्हणाली असती तर मी भांडलो असतो. भांडायला मी कधी मागे असतो? ती थकून म्हणाली.

त्या गोळ्या एकदम तोडल्या तरी धोका, चालू ठेवल्या तरी धोका. हळूहळू कमी कराव्या लागतात, तेही डॉक्टरांच्या नजरेखाली. तिला मी तेवढंच सांगितलं आणि तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या. त्या कालच सरल्या असतील. म्हणजे आता थांबायला जागा नाही.

सकाळी देवमनभाऊंना सगळं सांगितलं. त्यांनी डोळे वर केले नाहीत. "चाबी ठिव काउंटरवर," एवढंच बोलले. ठेवली.

तर काकूंजवळ शब्द टाकू नको. आज ते लोक हो म्हणतील, कारण तिला दुसरं कोणी उरलं नाही. ते मीच उरू दिलं नाही. असं मिळालेलं माणूस मी कोणत्या तोंडानं घरात आणू? या तीन वर्षांत मला तिच्यावाचून काही सुचलं नाही, आजही सुचत नाही, पण हे तू कोणाला सांगू नको.

पुंजाजीकाकांच्या शेतात आज सोयाबीनवर थ्रेशर लागलं आहे. निम्मं गाव तिथं असेल. ज्यांनी बोट दाखवलं तेही असतील. मशीन बंद करायला लावून सगळ्यांसमोर सांगणार आहे, गोळ्या मी दिल्या, पोरीत खोट नाही. आणि आजच्या आज तिला वाशिमला न्या, बाईंना सगळ्या गोळ्यांची नावं सांगा. नावं कागदावर लिहून घेतली आहेत. काका मारतील. मी हात उचलणार नाही. माझ्या हातांचा भरवसा नसतो, म्हणून हे तुला लिहून देतो.

आईला तू सांग. माझ्या तोंडून ऐकणं तिला झेपायचं नाही.

रूपालीला कोणत्याच नात्यानं तोंड दाखवू न शकणारा, पण तुझा धाकटा,

मुन्ना

ता.क. चपला घातल्या. पाकीट वाटेत टपालात टाकतो. दार ओढून घेतो आता.