आधी उभी, मग आडवी

आई,

शनिवारची सकाळ आहे. तुझी नात आणि तुझा लाडका जावई तिच्या पोहण्याच्या क्लासला गेलेत, कुकरची शिट्टी व्हायचीय, आणि माझ्यासमोर ओट्यावर तुझा तो पत्र्याचा शाईचा पॅड पडलाय. लग्नानंतर मी दोहाला निघाले तेव्हा सगळ्यांनी मसाले, लोणची, पापड बांधून दिले आणि तू हा पॅड दिलास. तीस वर्षं शाळेच्या वह्यांवर शिक्के मारून मधोमध खड्डा पडलेला. "वाळला की शाईचे थेंब टाक, पण दोनच टाक," असंही सांगितलंस. तेव्हा मला हसू आलं होतं. परदेशात संसार मांडायला निघालेल्या मुलीला कोण शाईचा पॅड देतं? इतकी वर्षं तो कपाटात पडून होता. गेल्या महिन्यात मी तो काढला आणि दोन थेंबांऐवजी अर्धी बाटली ओतली. तुझं अर्धवट ऐकायची सवय अजून गेलेली नाही.

झालं असं. आमचं इथलं मराठी मंडळ तुला ठाऊक आहे, तू आलीस तेव्हा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नेलं होतं. त्या मंडळात घराला एक मत. ते कुटुंबप्रमुखाचं, म्हणजे नवऱ्याचं. बायका मोदक वळणार, मुलांची नाटकं बसवणार, पण समिती निवडताना हात वर करणार नवरे. आणि दोहाबाहेर अल वक्र्याला राहणारी, घरच्यांना गावी ठेवून आलेली जी मुलं आहेत, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, वेल्डर, ती तर 'सहयोगी सभासद'. त्यांचं घर इथे नाही म्हणून मतही नाही. गणपतीचं मखर मात्र तीच उभं करतात. मध्यंतरी इथल्या नागरिकांचं सार्वमत झालं, निवडणुकीच्या पद्धतीतच बदल करायचा का यावर. आम्ही परके, ते काही आमचं मत मागायला येणार नव्हते. पण ऑफिसात डबे खाताना तो विषय निघाला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की आपणही मंडळात असं विचारून बघूया. माणशी एक मत, बायकांना आणि वक्र्याच्या मुलांनाही, आणि हात वर न करता गुप्त चिठ्ठीनं. बोलून गेले आणि गळ्यात घोरपड आली.

पुढे महिनाभर नुसता गदारोळ. व्हॉट्सॲपवर सकाळी डोळे उघडायच्या आत चाळीस मेसेज. कोणी म्हणे परंपरा, कोणी म्हणे समता, कोणी यातलं काहीच न वाचता अंगठा दाखवी. आमचे अध्यक्ष पुण्याचे, माणूस सज्जन, पण त्यांना वाटतं सज्जनपणा पुरतो. अल अझीझियातल्या एका बिल्डिंगच्या हॉलमध्ये सभा झाली, तिथे ते मला म्हणाले, "अहो वहिनी, घर म्हणजे एक मत. आता काय नवराबायकोत भांडणं लावायचीत का?" मी म्हटलं, "एका मतामुळे जी होतात ती थांबतील." लोक हसले. मागे एक काका ओरडले, "यल्ला, चला, खलास करा हा विषय, जेवण गार होतंय." त्या वेळी वक्र्याच्या मुलांतला एक इलेक्ट्रिशियन, मूळचा बीडचा, उभा राहिला. एरवी सभेत तो माइकची वायर धरून उभा असतो, बोलत नाही. म्हणाला, "ताई म्हणतेत ते खरंय. खांब आम्ही रोवतो. पण कुठं रोवायचा ते कुणी इचारलंय का आम्हाला, एकदा तरी?" एवढंच बोलला आणि खाली बसला. मला त्या क्षणी वाटलं की आता हे तडीस न्यायचंच.

ठरलं असं, की प्रस्तावावर गुप्त मतदान घ्यायचं, पण अर्थात जुन्याच नियमानं, घराला एक चिठ्ठी. म्हणजे मला मत असावं का हे ठरवायला मला मत नाही. तुझी नात म्हणाली, "आई, यू डोन्ट ईव्हन गेट अ व्होट?" मी म्हटलं, नाही गं बाई. साठ घरं होती, चाळीस 'होय' मिळाले तरच बदल. आणि निवडणूक अधिकारी म्हणून कोणाला नेमलं असेल? मला. अध्यक्ष म्हणाले, "ज्याला मत नाही तोच निःपक्ष." चेष्टेत म्हणाले असतील. मी चेष्टा गिळली आणि काम घेतलं, कारण हे काम कसं करतात ते मी लहानपणी तुझ्याकडून पाहिलं होतं.

मी दहा वर्षांची आहे. नाशिकच्या घरी स्वयंपाकघरात तू पाटावर बसली आहेस, उद्या तुला इलेक्शन ड्युटीला कुठल्याशा लांबच्या गावी जायचंय, आणि पिशवीत दशम्या, टॉर्च, चादर असं सगळं भरून झालंय. शिक्का उद्या मिळणार, म्हणून तू वर्तमानपत्राच्या कागदावर ओल्या शाईनं ते चक्र काढतेस, मतपत्रिकेवर उमटतं ते, गोलात चार हातांचं, एका बाजूला फिरणारं. मला म्हणतेस, घडी घाल. मी आडवी घालते. फाडकन हातावर बसते. "आधी उभी, मग आडवी! आडवी घातलीस तर शाई दुसऱ्याच्या चिन्हावर उमटेल. एका माणसाचं मत वाया जाईल, कळतंय का?" मग जरा नरमून तू कागद उलगडून दाखवतेस. घडीमुळे उमटलेलं चक्र उलटं फिरतं, खरं चक्र सुलटं. "म्हणून हे असलं चिन्ह. डाग दोन पडले तरी माणसानं बोट कुठे ठेवलं होतं ते ओळखता येतं." ड्युटीहून तू परत आलीस तेव्हा पाय सुजलेले होते. बाबांनी गरम पाणी आणून दिलं. मी विचारलं, आई, तू आणि बाबांनी कुणाला मत दिलं? बाबा हसले. तू हसली नाहीस. "मत विचारायचं नसतं. घरातल्यालाही नाही." त्या इलेक्शनचा तो दुसरा ओरडा.

तर मी अल नस्रमधल्या शिक्केवाल्याकडे गेले आणि अगदी तसंच चक्र बनवून घेतलं. मल्याळी होता बिचारा, हिंदीतून मला विचारत राहिला की मॅडम, सरळ बरोबरची खूण का नको. मी ऐकलं नाही. चिठ्ठ्या छापल्या, सुबक दिसाव्यात म्हणून 'होय' डावीकडे आणि 'नाही' उजवीकडे, शेजारी शेजारी. आणि प्रत्येकाला चिठ्ठी देताना तुझ्याच थाटात बजावलं, आधी उभी, मग आडवी. आई, तुझ्या मतपत्रिकेवर नावं एकाखाली एक असायची. तिथे उभी घडी बरोबर. माझ्या चिठ्ठीवर उभी घडी म्हणजे 'होय' थेट 'नाही'वर! तुझा नियम पाठ होता, त्यामागचं कारण मी विसरले होते. साठच्या साठ लोकांनी माझं ऐकून शिस्तीत चूक केली.

मोजायला बसलो तेव्हा हे कळलं. सभेनं दिलेला एक माणूस अध्यक्षांच्या बाजूचा, एक माझ्या बाजूचा, आणि मी. जवळपास प्रत्येक चिठ्ठीवर समोरच्या चौकटीत फिकट डाग होता, पण खरा ठसा कुठला ते कुणालाही दिसत होतं. एकोणसाठ चिठ्ठ्या सुरळीत गेल्या. एकोणचाळीस होय, वीस नाही. शेवटची उघडली तर दोन्हीकडे सारखाच गडद ठसा. कोणीतरी शिक्का दाबून मारला होता आणि लगेच घट्ट घडी घातली होती, नखानं रेघ ओढून. अध्यक्षांचा माणूस म्हणाला, "वहिनी, बाद करा." माझ्या बाजूचा कानाशी आला, "ताई, होयमधला जरा जास्त काळा वाटतोय. तुम्ही म्हणाल ते अंतिम आहे. होय म्हणा ना." आणि खरंच, मी म्हणेन तेच अंतिम होतं, तो नियम मीच लिहिला होता. चक्राचं गुपित त्या खोलीत माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. वाटलं, म्हणावं होय. बायकांना मत मिळेल, वक्र्याच्या मुलांना मिळेल, अध्यक्षांचं तोंड बघण्यासारखं होईल. किती वेळ मी ती चिठ्ठी धरून बसले कोण जाणे. सुलटं चक्र 'नाही'मध्ये होतं.

"नाही," मी म्हटलं. मग दोघांना शिक्का दाखवला, कोऱ्या कागदावर मारून घडी घालून दाखवली, चक्र कसं फिरतं ते दाखवलं. बाद केली असती तरी प्रस्ताव पडणारच होता, पण कुणीतरी बोट ठेवलं होतं, आणि ते जिथे ठेवलं तिथेच मोजायला हवं होतं. माझ्या बाजूचा माणूस माझ्याकडे असा बघत राहिला, की जणू मीच त्याचा खिसा कापला. अध्यक्षांनी निकाल ऐकून घेतला. जाताना शिक्का हातात घेऊन त्यांनी उलटसुलट बघितला आणि मला "शाबास" म्हणाले. मला त्यांच्या शाबासकीचा राग आला.

खाली पार्किंगमध्ये इलेक्ट्रिशियन थांबला होता, ड्युटीवरून तसाच आलेला, अंगावर कामाचा कव्हरऑल. मी सांगितलं, एका मतानं गेलं, आणि चूकही सांगितली. त्यानं बोटांवर हिशोब केला. मग म्हणाला, "म्हंजे एकोणचाळीस घरं आपल्याकडून हायती की, ताई. येवढी हायती हे तरी कुठं ठाव होतं?" आणि गाडीत बसताबसता, "पुढच्या बारीला चिठ्ठी मला दाखवून छापा."

दाखवणार आहे. नियमाप्रमाणे तोच प्रस्ताव वर्षभरानं पुन्हा आणता येतो, वीस घरांच्या सह्या लागतात, त्यातल्या अकरा या आठवड्यात झाल्या. येत्या शुक्रवारी मेट्रोनं वक्र्याला जाऊन त्या मुलांच्या खोलीवर बसणार आहे, काय हवंय ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायला. नवी चिठ्ठी आत्ताच आखली, होय वर आणि नाही खाली. शाई दोनच थेंब. पुन्हा पडला तर पुन्हा आणीन. तुझ्या पोटची आहे, अडून बसले की हलत नाही.

हे पत्र तुला न पाठवता त्या साठ चिठ्ठ्यांच्या पाकिटात ठेवून देईन, वर्षभर ते कुणी उघडायचं नाही असं मीच लिहिलंय. आता एक राहिलं. कपडे धुवायला टाकताना तुझ्या जावयाच्या पँटच्या खिशात सुपरमार्केटची बिलं सापडतात. चार घड्या घातलेली, नखानं रेघ ओढलेली, एक कोपरा दुमडलेला. त्या शेवटच्या चिठ्ठीचाही कोपरा दुमडलेला होता. अशी घडी घालणारा दोहात तो एकटाच असेल असं थोडंच आहे? महिनाभर तो मला म्हणत होता, तुझं बरोबर आहे. काल लेकीनं विचारलं, "डिड बाबा व्होट येस?" मी तिला तुझंच वाक्य फाडकन ऐकवलं, मत विचारायचं नसतं, घरातल्यालाही नाही. तिला वाटलं, आई नियमाची पक्की आहे. नियम कसला, आई. तो "हो, माझंच होतं" म्हणाला तर काय करायचं, ते मला ठाऊक नाही, म्हणून विचारलं नाही.