आजीचा रकाना

देऊळघाट,
दि. ११ फेब्रुवारी २०२५

सारिकाताईले,
कोकिळाचा जय भीम अन् नमस्कार.

इकडं आमी सगळे बरे आहो. तुरी घरात पडल्या, हरभरा सोंगायले आला. शिवम भिताडाले धरून उभा राहते अन् आज्याचा चष्मा ओढते. किसनराव रागावल्यासारखं करतात, मंग स्वताच काढून त्याच्या हातात देतात. चार दात आले. तुमी शेवटचं वजन करून गेल्या तवापासून अंगानं बरंच भरलं लेकरू.

तुमी म्हणसान, हातात फोन असून हे बाई पत्र काऊन लिहून राह्यली. फोनवर माहा आवाज चढते अन् मूळ गोष्ट राहून जाते. दुसरं म्हणजे तुमीच सांगतलं होतं, तुमच्या अभ्यासात जे कागदावर नाही ते झालंच नाही असं धरतात. म्हणून कागद. सातवीपर्यंतच शिकली आहे, अक्षर गोड मानून घ्या.

मागच्या गुरुवारी तुमी मीटिंग घेतली. तुमी बायाईले समजावून सांगतलं, की कमी दिवसाचं लेकरू उघड्या छातीशी बांधून ठेवलं तर वाढते, हे आता पक्कं झालं. तुमाले पुढचं पाहायचं होतं, का आईच्या जागी आजीनं नाहीतर बापानं धरलं तरी ते तसंच वाढते का. म्हणून घरोघरी वह्या देल्या, आई, आजी, बाप असे रकाने पाडून. रोज कोणी किती तास धरलं ते लिहायचं. अन् मंग तुमी म्हणल्या, आजीचा रकाना सगळ्याच वह्यांमधी रिकामा आहे, म्हणून आजीबद्दल आमाले काहीच सांगता येणार नाही. ज्या लेकराची आई आजारी आहे त्याले कोणी धरावं, हे आमी सांगू शकत नाही.

तेवढ्यावर थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. पण तुमी माह्या सुनेकडं, राखीकडं पाहून म्हणल्या, हिची वही सगळ्यात चांगली, पुढच्या मीटिंगले नव्या आयांसमोर हिनंच बोलावं. राखी खाली पाहत बसली. मी पंख्याकडं पाहत बसली.

त्या वहीत खोटं आहे, ताई. खोटं लिहिणारी मी आहे, राखी नाही. 

शिवम दवाखान्यातून घरी आला तवा एक किलो सहाशे होता. त्या दिवसापासून एकोणीस दिवस त्याले छातीशी मी धरलं. रोजचे दहा तास, कधी बारा. ह्या वयात पोलक्याचे बटन सोडून बसायची लाज वाटे, म्हणून दार लोटून बाजेवर टेकून राहायची. किसनरावले खिचडी टाकायले तवाच शिकवली. पहिल्या दिवशी एवढी खारट केली का कुत्र्यानं बी तोंड फिरवलं. सांजच्याले वही घेऊन बसायची अन् सगळे तास आईच्या रकान्यात भरायची.

काऊन, तर वही आशाताई पाहते, तुमी पाहता, येणारे-जाणारे बी चाळतात. आजीच्या रकान्यात दहा अन् आईच्या रकान्यात शून्य दिसलं तर गाव काय म्हणते हे मले माहीत आहे. आई असून लेकरू टाकलं म्हणते. माह्या सुनेच्या नावानं कोणी बोट दाखवावं हे मले चाललं नसतं. 

मीटिंगहून येता येता मी शालूबाईले हटकलं. तिचा नातू बी आपल्याच अभ्यासातला. म्हटलं, खरं सांग, तुह्या वहीत काय आहे? ते म्हणे, "तुह्या वहीत आहे तेच. सुनेचं नाव काऊन खराब करा माय?" जनकाबाईच्या घरीही तेच निघालं. आता पाहा, तुमाले वाटलं आज्यायनं लेकराले हातच लावला नाही, अन् आमी आपल्या घरोघरी छाती उघडी टाकून बसलो होतो.

त्या दोघी खरे तास सांगायले तयार आहेत. तुमी या, समोर बसवून इचारा. आमचं लेकरू अभ्यासातून काढा लागलं तर काढा. पण उद्या एखादं लेकरू आई आजारी म्हणून झोळीत थंड पडून राहीन, अन् बाजूले त्याची आजी पदर सावरत बसली राहीन, ते आमच्या वह्यांमुळं नको.

इथंच सही करून पाकीट बंद करायचं होतं. पण तुमी इचारसानच, का राखी काऊन धरत नव्हती. 

तिले माया नव्हती असं समजू नका. दर दोन तासानं वाटीत दूध काढून द्यायची, एक बी पाळी चुकवली नाही. मी चमच्यानं पाजत असली का दाराशी उभी राहून पाहायची. पण हात लावायची नाही. म्हणायची, "आई, तुमीच धरा. मी धरलं तर जाईन ते."

शिवमच्या आधी तिले पोरगी झाली होती, हे तुमच्या कागदात आहे. ते बी सातव्या महिन्यात. दोन दिवस होती, अन् राखीच्या मांडीवरच गेली. कागदात नाही ते आता लिहितो. भेटायले बाया आल्या होत्या. मी ओसरीत त्यायच्यासमोर म्हटलं, "हिच्या हातात लेकरू टिकत नाही." राखी आत होती, दार उघडं होतं.

असं काऊन बोलली मी? दुःख होतं, हे खरं आहे. पण दुःखात माणूस रडते, मी दुसऱ्यावर टाकून मोकळी झाली. बाया चहा पिऊन गेल्या. तिनं ते वर्षभर जपून ठेवलं अन् शिवमच्या वेळेस खरं मानलं. एकोणीस दिवस मी लेकरू धरलं त्याचं कौतुक करू नका, तिच्या मनात ते भेव माह्याच तोंडानं घातलेलं होतं.

आता तुमचे उपकार सांगतो, ते तुमाले आठवत बी नसतीन. विसाव्या दिवशी तुमी वजन करायले आल्या. काटा आढ्याले अडकवत होत्या, दोर आखूड पडला. मी पाणी आणायले आत गेली होती. तुमी शिवमले उचललं, समोर राखी होती, तिले म्हणल्या, "धरा जरा," अन् देऊन टाकलं. परक्या माणसासमोर नाही कसं म्हणते ते? मी तांब्या घेऊन दारात उभी. राखीनं त्याले अंगापासून लांब, दोन्ही तळहातावर धरलं. तुमी दोर बांधत होत्या, एक गाठ सुटली, दुसरी मारली. तेवढा वेळ शिवम तिच्याजवळ राहला. त्यानं जांभई देली अन् झोपला.

वजन झाल्यावर तुमी त्याले माह्याकडं देऊन राह्यल्या होत्या, तवा राखीच मधी म्हणे, "राहू द्या, माह्याजवळ द्या." त्यानंतरचे आईच्या रकान्यातले तास खरे आहेत, एकेक तास खरा आहे. तुमी चहा न घेता पुढच्या घरी गेल्या. मी चुलीजवळ बसून लय रडली. ताई, दवाखान्यानं लेकरू वाचवलं, अन् तुमी आखूड दोर घेऊन आल्या म्हणून माही सून वाचली. हे ऋण मी कोणाले सांगतलं नव्हतं.

हे सगळं तुमाले सांगायच्या आधी तिले सांगायले पायजे होतं. म्हणून वरचं सगळं लिहून झाल्यावर पत्र राखीच्या हातात देलं अन् मी हरभरा सोलत बसली. तिनं दोनदा वाचलं. मले वाटलं राखी रडीन, नाहीतर भांडीन. ते म्हणे, "आई, ते तुमी चार बायाईसमोर बोलल्या होत्या. मंग हे बी बायाईसमोरच बोला."

बरोबर आहे तिचं. म्हणून पुढच्या मीटिंगले राखीले नको, मले उभं करा. आज्यायले बी बोलवा. तासाचं सांगीन अन् ओसरीतलं बी सांगीन. आवाज चढला तर खाली बसवा.

एवढं बोलून राखी उठली, घागर घेतली अन् शिवमले माह्या मांडीवर ठेवलं. म्हणे, "धरा जरा, मी पाणी घेऊन येतो."

तो मांडीवरच आहे. पत्राचा कोपरा ओढून राह्यला, शाई पुसली गेली ते त्याचं काम आहे. खालची सही एका हातानं केली आहे.

तुमचं भलं होवो.

कोकिळा किसनराव काळवाघे,
शिवमची आजी