पिसांच्या घराची वाटणी

मी, खाली सही करणारी, पक्ष्यांच्या पिसांवर बारीक चित्रं काढणाऱ्या नामांकित चित्रकाराची विधवा, गल्लीत 'हळूबाई' म्हणून ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि रागात लिहून ठेवत आहे. रागात लिहिलेलं चालतं का, असं वकिलांना विचारलं. ते म्हणाले, "चालतं हो, फक्त डोकं ठिकाणावर हवं." माझं डोकं ठिकाणावर आहे. रागही तिथेच आहे.

यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. कोणी दाखवलंच, तर ते माझ्या मुलाने केलेलं समजावं.

कलम १. राहतं घर मला माझ्या वडिलांकडून मिळालं असून त्यावर दुसऱ्या कोणाचाही हक्क नाही. माझ्या पश्चात ते संपूर्णपणे माझ्या मुलीचं होईल. मुलाला इथे वडिलांचं संग्रहालय काढायचं आहे. "बाबांनी जसं ठेवलं तसंच ठेवायचं," म्हणतो. तर बाबांनी कसं ठेवलं होतं ते लिहिते. खिडक्या खिळे ठोकून बंद. पंखा नाही. पीस हलकं, रंग ओला, जरा वारा लागला की दिवसाचं काम मातीत. म्हणून घरात पळायचं नाही, शिंकायचं नाही, हसायचं नाही. आल्यागेल्याला दारातच "हळू, हळू" म्हणून सांगणं हे माझं काम. टोपणनाव तिथून पडलं.

मुलगी दुसरीत असताना तिला पिसांच्या धुळीने धाप लागू लागली. छाती पिपाणीसारखी वाजायची. डॉक्टर म्हणाले, "घरातली पिसं काढा." यांनी हातातला कुंचलासुद्धा खाली ठेवला नाही. म्हणाले, "पिसं कुठे नेणार? तिला ताईकडे पाठव." मुलगी गेली, पिसं राहिली. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथे तर मोत्यासाठी नाकच कापलं. ती आत्याकडे वाढली, तिथेच शिकली, तिथूनच तिचं लग्न झालं. सुट्टीत भेटायला यायची तेव्हा आम्ही मायलेकी बाहेरच्या पायरीवर बसून जेवायचो.

कलम २. चित्रं काढलेली सर्व पिसं यांनी मुलाच्या नावे केली आहेत. माझी नाहीत, म्हणूनच अजून शाबूत आहेत. काचेची कपाटं उचलून ने, असं मुलाला अनेकदा सांगितलं. परवा म्हणाला, "आई, तुझ्यानंतर बघू ना. माझ्याकडे कुठे ठेवू? घरात लहान मूल आहे." तळपायाची आग मस्तकात गेली. त्याचं मूल जपायलाच हवं, त्याबद्दल दुमत नाही. पण हे ज्ञान या घराण्यात फार उशिरा आलं. मी खिडक्या उघडणार होते, तर वकिलांनी अडवलं. दमट हवेने चित्रं बिघडली तर तो दावा लावेल म्हणे.

कलम ३. एक पीस मात्र माझं आहे, बदकाचं. यांनी 'पत्नीस' असं लिहून दिलेलं. त्यावर माझा चेहरा, खळखळून हसणारा. यांनी मला हसताना पाहिलं कधी, ते मला ठाऊक नाही. एका समीक्षकांनी त्यावर लेख लिहिला होता की या चित्रातून चित्रकाराच्या घरातला आनंद ओसंडून वाहतो. ते पीस त्यांना पोचतं करावं. त्यांनी ते नाकासमोर धरून एकदा मोठ्याने हसून बघावं.

कलम ४. पिसं कोमट साबणाच्या पाण्यात धुणं, सावलीत वाळवणं, विस्कटलेले तंतू देठाकडून टोकाकडे बोटांनी सारखे करणं, हे सगळं मी केलं. लेखात त्याचा उल्लेख नाही. तो धुण्याचा टब गल्लीतल्या कुत्र्यांच्या पाण्यासाठी ठेवावा. शिलाई मशीन आणि बँकेतली शिल्लक नणंदेला. तिने माझी मुलगी पोटच्या पोरीसारखी वाढवली आणि त्याचा कधी उच्चार केला नाही. या सगळ्यात मुलीखेरीज जिच्यावर माझा राग नाही अशी ती एकटी.

कलम ५. हे गेल्यावर मी वायरमनकडून पंखा बसवून घेतला होता. मुलाने रेग्युलेटर काढून नेला. तो त्याने परत द्यावा.

कलम ६. हे गेले त्या दिवशी मुलगी धावत आली. आत आली आणि दोन पावलांतच तिचा श्वास अडकला. मग नाकाला रुमाल लावून फाटकाशी उभी राहिली. वडिलांचं तोंड तिला दिसलं ते त्यांना बाहेर काढल्यावर, लोकांच्या खांद्यांआडून. "बापाला बघायलासुद्धा आत थांबली नाही, काय काळीज म्हणायचं!" असं थोरल्या जाऊबाई चारचौघांत बोलल्या. मी उत्तर दिलं, पण सवयीने इतकं हळू की कोणाला ऐकू गेलं नाही. म्हणून आता लेखी देते. तिचं काळीज धड आहे. तिला आत येऊ दिलं नाही ते आम्ही.

सबब, मी गेल्यावर कपाटं इथेच असली, तर शेजारच्या सुतारकाकांनी ती उचलून अंगणात ठेवावीत. ऊन असो, पाऊस असो. दावा लावायचा असल्यास मुलाने तेव्हा माझ्यावर खुशाल लावावा. खिडक्यांचे खिळे उपटावेत. भिंती आणि फरशी ओल्या फडक्याने पुसाव्यात. मगच मुलीला आत बोलवावं आणि माझ्याजवळ बसू द्यावं, रुमालाशिवाय, तिला हवा तितका वेळ. तोवर मला घरातून कोणीही उचलू नये. ज्याला घाई असेल त्याने कपाटाला हात लावावा.

वरील मजकूर वाचून पाहिला, बरोबर आहे, म्हणून सही केली.

ठिकाण: राहत्या घराची बाहेरची पायरी
तारीख: चौदा, शुक्रवार, सकाळी

सही: हळूबाई

आमच्यासमोर बाईंनी सही केली व त्यांच्यासमोर आम्ही केली:
१. शेजारचे सुतारकाका (कलम ६ मान्य. पहार घरात आहे.)
२. वायरमन