तिसरी पट्टी

३ मार्च, सोमवार

नातीने आज माझं टेबल आवरलं. मला न विचारता. मी न्हाऊन येईपर्यंत सगळं चकाचक. छोट्या खणांचा तो प्लास्टिकचा सांगाडा आहे ना, त्यातले खण उपसून पुन्हा लावले, लहान आकड्यापासून मोठ्याकडे. वर लेबलं चिकटवली. लेबलं वन्संच्या अक्षरात, म्हणजे कटात त्याही सामील.

“कसं दिसतंय, आजी?”

छान म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

वन्सं लिहिता लिहिता थांबल्या आहेत. लिहा हो वन्सं. तुमचं अक्षर सुंदर आहे हेही लिहा, म्हणजे राग जाईल. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. चौथीच्या वर्गाला जन्मभर शुद्धलेखन घातलं, आता मला घालतात. मी बोलायचं, त्यांनी लिहायचं, वही माझ्या उशीखाली. मधे बोलायचं नाही असं ठरलंय. ते त्यांना जमत नाही.

नात बेस गिटार वाजवणाऱ्यांसाठी डबे करते. पत्र्याचा, विटेएवढा डबा, पायाने दाबायचा. पेडल म्हणतात. त्यातल्या ह्या जातीचं नाव एन्व्हलप फिल्टर. तार हळू छेडली की डबा तोंड मिटून गुरगुरतो. जोरात छेडली की तोंड उघडून ‘वाँव’ करतो, आणि तार विझली की परत मिटतो. जसा हात, तसं तोंड. आमच्या घरात उलट आहे. मी हळू बोलले की बाकीच्यांची तोंडं उघडतात.

डब्याच्या पोटातले बारीक भाग मी बसवते, कथील वितळवून मीच जोडते, म्हणजे सोल्डर. रेडिओच्या कारखान्यात एकतीस वर्षं तेच केलं. मला अक्षर येत नाही, पण रेझिस्टरला अक्षर लागतच नाही. तांदळाएवढा जीव, वीज अडवणारा, अंगावर रंगीत पट्ट्या. आम्हाला लागतात त्यांच्या पहिल्या दोन बहुतेक तपकिरी-काळ्या. खरं किती अडवतो ते तिसरी पट्टी सांगते. लाल, नारिंगी की पिवळी.

आता पुढचं लिहा आणि लगेच विसरा, वन्सं. वर्ष झालं, मला तिसरी पट्टी दिसत नाही. दिसते, पण तिन्ही रंग एकाच पाण्यात धुतल्यासारखे. मी रंग बघून काम करतच नव्हते. खण मोजून करत होते. वरून दुसरी ओळ, डावीकडून तिसरा. हाताला पाठ होतं.

ते खण आज हलले.

५ मार्च, बुधवार

वन्सं म्हणाल्या, “मी शेजारी उभी राहून लेबलं वाचते.” वाचाल हो. ‘दहा के’ म्हणाल, आणि मी म्हणेन, म्हणजे कुठल्या रंगाचा? के-बी मला कळत नाही, मला नारिंगी कळतो. आणि तुम्ही माझ्या टेबलाशी का उभ्या, हे नातीला कोण सांगणार?

“तूच सांग की खरं.”

सांगते. पण सांगितलं की टेबल गेलं. मग दिवसभर मी करू काय? तुमच्याबरोबर पेपर वाचू?

वन्संना हसू आलं. अक्षर हललंय, कळतंय मला.

६ मार्च, गुरुवार

चार डबे करायचे आहेत. बेसवालीचे. ही बाई बेस शिकवते. आमचा पहिला डबा तिनेच घेतला होता, आता तिच्या चार शिष्यांना हवेत. हे चार पसंत पडले तर ती आणखी सांगणार, आणि नात हेच काम धरून राहणार. नाही पडले तर लिफ्टच्या कंपनीत परत. तिथे ती अडकलेल्या माणसांच्या तक्रारी फोनवर उतरवून घ्यायची. घरी येईपर्यंत तिचाच चेहरा दोन मजल्यांच्या मधे अडकल्यासारखा व्हायचा. कंपनीने परत बोलावलंय. उत्तर तेवढं द्यायचं राहिलंय.

आज दोन डब्यांचे बोर्ड भरले. रेझिस्टर खिडकीशी धरून बघितले. नारिंगी वाटला तो नारिंगी धरला.

८ मार्च, शनिवार

चारही झाले. सोल्डर बघून नात म्हणाली, “मोत्याचे दाणे गं, आजी.” सोल्डर मला दिसायला लागत नाही, धूर आणि वास पुरतो.

मीटर लावून तपास म्हटलं एकदा. तर म्हणते, “तुझ्या हातचं काय तपासायचं?”

मी टेबल पुसायला घेतलं.

११ मार्च, मंगळवार

बेसवाली येऊन गेली. उंच, शांत बाई. बोटं अशी ठेवते तारेवर, जशी झोपलेल्या पोराच्या अंगावर चादर घालावी. पहिला डबा लावला. तार नुसती कुरवाळली, डब्याने तोंड सगळं उघडलं. आणि उघडं ते उघडंच. तिने जोर केला, तेवढंच. हात आणखी हलका केला, तरी तेवढंच. दुसरा, तिसरा, चौथा, सगळे आ वासून बसलेले. दातांच्या डॉक्टरकडची रांग नुसती.

“हा माझं ऐकत नाहीये,” ती म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. “माझ्याकडचा ऐकतो. ह्यात काही बदललंत का?”

नात म्हणाली, “नकाशा थोडा सुधारला होता.”

नकाशा म्हणजे कुठला भाग कुठे जोडायचा त्याचं चित्र. हिने ह्या वेळी त्यात दोन जागी बदल केलेत, म्हणून हिला वाटतंय चूक आपली. मी चहाचे कप उचलले आणि आत गेले. चूक कुणाची ते घरात एकट्या मला माहीत होतं.

वन्सं, तुम्हालाही. बरोबर आहे. दोघींना.

१२ मार्च, बुधवार

उद्या सांगते.

१३ मार्च, गुरुवार

नात सकाळपासून नकाशावर वाकलेली. एक भाग काढते, दुसरा लावते, तार छेडते, मान हलवते. रेझिस्टरना हात लावत नाही. ते आजीने बसवलेत ना.

जेवताना म्हणाली, “मला हे येतच नसेल, आजी. पहिला चुकून जमला असेल.”

मी म्हटलं, असं बोलू नये. भाजी घे.

काय बाई मी. तोंडाशी आलेलं गिळलं आणि वर भाजी वाढली.

वन्संनी माझ्याकडे रोखून बघितलं. हे त्यांनी स्वतःच लिहिलंय, मी सांगितलं नव्हतं. राहू द्या.

१५ मार्च, शनिवार

सांगितलं.

ती पंखा पुसत होती, स्टुलावर उभी. म्हटलं, खाली उतर, उंचावरून ऐकायची गोष्ट नाही. उतरली. म्हटलं, नकाशा तुझा बरोबर आहे. खण हलले, मला रंग दिसत नाहीत, मी अंदाजाने भरले. वर्षभर मोजून भरत होते.

फडका हातात तसाच. मग एक डबा उघडला, मीटर लावला. दुसरा. चारही डब्यांत तोच रेझिस्टर चुकीचा, त्याच जागी. नारिंगी हवा तिथे लाल. चुकीचे काढून नवीन चारही दहा मिनिटांत बसवले. तार हळू छेडली, डबा गुरगुरला. जोरात छेडली, ‘वाँव’. सोडली, मिटला. असा शहाण्यासारखा.

मला वाटलं आता हसेल.

“मंगळवारी का नाही बोललीस?”

भीती वाटली म्हटलं.

“कसली? माझी?”

टेबलाची, म्हटलं.

“चार दिवस मी स्वतःला बिनडोक समजत होते, आजी. तू समोर बसून बघत होतीस. भाजी वाढत होतीस.”

माझ्याकडे उत्तर नाही असं वन्सं पहिल्यांदाच लिहितायत, त्यांना तारीख नीट घालू द्या.

मग नात हळूच म्हणाली, “मी काल लिफ्टवाल्यांना हो म्हटलं. सोमवारपासून. वर्षभराचं लिहून दिलंय.”

काल. शुक्रवार. बुधवारी बोलले असते तर. गुरुवारीसुद्धा चाललं असतं.

नाही म्हणता येणार नाही का, विचारलं. “सही केलीय,” म्हणाली. सही म्हणजे काय ते मला कळतं. मी अंगठा देते, पण तोही परत घेता येत नाही.

१७ मार्च, सोमवार

ती ऑफिसला गेली. डबा घेतला का विचारलं, तर “कुठला?” म्हणाली. जेवणाचा गं, म्हटलं. हसली नाही.

टेबल रिकामं. मी तिथे बसले नाही.

१८ मार्च, मंगळवार

सूनबाईने, नातीच्या आईने, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्हीकडे मोतीबिंदू, पिकलेला. उजवा पुढच्या महिन्यात काढणार. “रंग येतील का परत?” विचारलं. “उजव्याचे येतील. डाव्याचं आतलं काही बिघडलंय, तिथे वचन देत नाही,” म्हणाले. खरं बोलणारा माणूस. लगेच बोलून टाकतो. शिकण्यासारखं आहे.

२० मार्च, गुरुवार

बेसवाली चारही डबे घेऊन गेली. त्याआधी एकेक वाजवून बघितला, डोळे मिटून. जाताना आणखी आठ सांगितले. घरात मी आणि वन्संच होतो. वन्संनी तिला सांगून टाकलं, आता कोणी करणारं नाही. मी म्हटलं, थांबा हो, विचारून कळवतो.

कुणाला विचारणार, ते मलाही माहीत नव्हतं.

२२ मार्च, शनिवार

नात आज कानस घेऊन बसली. प्रत्येक खणाच्या पुढच्या काठाला खाचा पाडल्या. लालला एक, नारिंगीला दोन, पिवळ्याला तीन. माझं बोट धरून एकेका खाचेवरून फिरवलं, कारखान्यात पहिल्या दिवशी मुकादमबाईने फिरवलं होतं तसं. मग नकाशा टेबलावर, वन्संच्या पुढ्यात ठेवला.

“आठ डबे सांगितलेत ना? हिने वाचायचा, तू बसवायचं. संध्याकाळी येऊन मी मीटर लावीन. तुझ्या प्रत्येक भागाला, आजी. आता न तपासता काही जाणार नाही.”

वन्सं म्हणाल्या, “मला ह्यातलं ओ की ठो कळत नाही.”

मी म्हटलं, मलाही कळत नाही, वन्सं. सरका.