ढोलावर लिहिलेले नाव

मी, मुंजाजी दौलतराव खिल्लारे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पूर्वीचा धंदा बँडमास्तर, सध्या घरीच, धर्म ख्रिस्ती, राहणार आखाडा बाळापूर, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली, माझ्या मागे घरात कुरबुर होऊ नये म्हणून हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. गुडघे सोडले तर प्रकृती चांगली आहे आणि डोके ठिकाणावर आहे. मसुद्यात वकीलसाहेबांनी "ईश्वराची शपथ घेऊन" असे घातले होते. ते मी खोडायला लावले. ते म्हणाले, "मुंजाजीराव, सगळेच लिहितात." मी म्हणालो, "साहेब, मी खरं बोलून राहिलो, एवढं पुरं हाय. घराच्या वाटणीत देवाला साक्षीला काहून बोलवायचं?"

राहते घर, अंगणातल्या लिंबाच्या झाडासह, माझी पत्नी कमलबाई हिच्या हयातीत तिचेच राहील. तिच्या पश्चात मुलगा रविंद्र आणि मुलगी पल्लवी यांना बरोबरीने मिळावे. पल्लवी दिल्याघरी सुखी आहे, तिला काय करायचे, असे कोणी म्हणू नये. माझे पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, आणि गीतांचे पुस्तकही पल्लवीलाच द्यावे. घरात सुरात गाणारी तीच एकटी आहे.

बँडचे सर्व सामान, म्हणजे माझे क्लॅरिनेट, दोन ट्रम्पेट, ताशे, मोठा ढोल, डगले आणि टोप्या, हे रविंद्रचे. अट एकच, आणि ती त्याला आधीच मान्य आहे. तरी पुढे नातवंडांच्या हाती कारभार गेल्यावर कोणी विचारील म्हणून कारण लिहून ठेवतो.

माझे दात गेले तेव्हा बँड रविंद्रकडे आला. त्याने आमचा मित्र रत्नपाल पेंटर याच्याकडून मोठ्या ढोलावर नवे नाव लिहून घेतले: "येशू ब्रास बँड". अक्षरे फार देखणी होती. मी म्हणालो, "रविंद्र, ह्याच्यावर काठी पडणार हाय."

"बाबा, भक्तीनंच लिवलंय. गावोगाव नाव जाईल. दुसऱ्यांची दुकानं देवाच्या नावानं चालत न्हाईत का?"

"देवाचं नाव उगाच घेऊ नका, अशी आज्ञा हाय आपल्याला. वरातीत कोण कसं घेईल, तुला काय ठावं?"

पण नाव तसेच राहिले. पोरगे वाईट नाही, हट्टी आहे. माझ्यावर गेले आहे.

त्याच उन्हाळ्यात साखऱ्याला माणिकराव पाटलांच्या मुलाचे लग्न होते. क्लॅरिनेटवाला आजारी पडला, म्हणून नव्या कवळीनिशी मीच गेलो. वरात वेशीपाशी आली तेव्हा पिऊन आलेले चार-दोन जण नाचत होते. त्यातला एक ढोलावरचे नाव वाचून ओरडला, "ए येशू! नागीण वाजव!" बाकीचे हसले. मग सगळेच सुरू झाले. "येशू, जोरात हाण! येशूला चढली का रे?"

रविंद्रची काठी हवेतच थांबली. त्याच्या तोंडाकडे मला पाहवेना.

माणिकराव धावत आले. "काहून थांबलात? काय तकलीफ झाली?"

रविंद्र म्हणाला, "मामा, ते नाव माझं न्हाई. माझ्या देवाचं हाय. मला रविंद्र म्हणू द्या, रातभर वाजवतो."

माणिकरावांनी आधी त्या पोरांना चार शब्द सुनावले. मग खांद्यावरचे नवे, लग्नातले उपरणे काढून स्वतःच्या हाताने ढोलाच्या तोंडाला गुंडाळले. म्हणाले, "आमच्या दारात कोणाच्या देवाचं हसू व्हायचं न्हाई." ढोलाचा आवाज दबका आला, पण वरात थाटात गेली. उपरणे त्यांनी परत घेतले नाही. कमलबाईने ते धुऊन ठेवले आहे. पल्लवीकडून ते माणिकरावांच्या नातवाच्या लग्नात आहेर म्हणून जावे.

घरी आल्यावर नाव पुसायची वेळ आली, तर रविंद्रचा हात होईना. रत्नपाल स्वतः बौद्ध. तो म्हणाला, "म्या लिवलं तवा मन लावून लिवलं. खरडायचं मलाबी जमणार न्हाई. पानच बदला." म्हणून ढोलाचे पान, म्हणजे तोंडावरचे कातडे, काढून नवे चढवले. जुने पान प्रार्थनेच्या खोलीत भिंतीवर आहे. ते तिथेच राहावे, विकू नये. आणि बँडला देवाचे, प्रभूचे किंवा कोणत्याही संताचे नाव पुन्हा देऊ नये. हीच ती अट.

मात्र माझा अर्थ कोणी उलटा लावू नये. कमलबाई उठता-बसता "येशूबापा" म्हणते. भाकरीचा चटका बसला तरी म्हणते. शहरातून आलेल्या एका तरुण प्रचारकाने तिला चारचौघांत टोकले की नाव असे स्वस्त करू नये. ती म्हणाली, "लेकरा, नाव कपाटात ठिवायला दिलंय का हाक मारायला? भाजल्यावर बापाला न्हाई तर कोणाला सांगू?" तिचे बरोबर आहे. तिला कोणी टोकू नये. त्याच प्रचारकाने पुढे स्वतःच्या बॅनरवर नावाआधी "परमपूज्य" छापले. माझ्या दफनाला त्याने अवश्य यावे, प्रार्थनाही करावी. फक्त त्याचे नाव पुकारताना ती पदवी वगळावी. बोलावणे रविंद्रने करावे. नावाचे मोल त्याला कळले आहे, म्हणजे नीट होईल.

शेवटचे. माझ्या कबरीवर "स्वर्गवासी" लिहू नये. तो निकाल आपण द्यायचा नाही. "बँडमास्तर"ही नको. लहानपणी माझा बाप्तिस्मा झाला तेव्हा पाळकांनी आईला विचारले होते, "नाव बदलायचं का?" आई म्हणाली, "ह्याच नावानं वरडलं की माझं पोरगं रानातून पळत येतंय. दुसऱ्यानं यायचं न्हाई." पाळक हसले आणि तेच नाव घेऊन त्यांनी माझ्या डोक्यावर पाणी घातले. म्हणून दगडावर नुसते "मुंजाजी" असावे. देवाने त्या नावाने हाक मारली तर मी लगेच ओ देईन.

सही: मुंजाजी दौलतराव खिल्लारे

हे मृत्युपत्र मुंजाजीरावांनी आम्हा दोघांसमोर मोठ्याने वाचले, मध्ये दोनदा हसले, आणि सही केली. आम्हीही त्यांच्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार:
१. रत्नपाल पाईकराव, पेंटर, आखाडा बाळापूर
२. शंकरसिंग ठाकूर, शेजारी, आखाडा बाळापूर

स्थळ: आखाडा बाळापूर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२४