वरच्या रस्त्याचं दार

३ ऑक्टोबर
जेनोवात तिसरा दिवस, आणि आज मलमपट्टीची पेटी घेऊन थेट न्हाव्याच्या दुकानात! चौदा नंबर हवा होता, चौदाच होता. न्हावी म्हणाला, "अगं पोरी, हा लाल चौदा. लाल आकडे दुकानांचे, काळे घरांचे. दाढी करायची असेल तर बस!" गिऱ्हाइकं खो खो हसली. काळा चौदा सहा दारं पुढे निघाला.

आमच्या डोंगरातल्या गावात नंबर लागतच नाहीत. नर्स आली की कुत्रीसुद्धा घर दाखवतात.

५ ऑक्टोबर
काळ्या चौदात सातव्या मजल्यावर अमेदेओकाका. अख्खा जन्म बंदरात क्रेन चालवली. आता पायाला जखम, गुडघे कामातून गेलेले, लिफ्ट नाही, पायऱ्या एकशे बारा. चार वर्षं घराबाहेर नाहीत! खिडकीतून दिसते ती समोरच्याची भिंत. पट्टी बांधेपर्यंत मला रस्ते सांगतात — कुठला जिना कुठे निघतो, कुठला बोळ पुढे बंद. आणि सगळं बरोबर निघतं! काय डोकं आहे म्हाताऱ्याचं!

"तीस तारखेला लेक येतेय," म्हणाले. "वृद्धाश्रमात नेणार. तिकडे सगळं सपाट असतं म्हणे." मग हळूच, "समुद्र नाही."

९ ऑक्टोबर
हे शहर आडवं नाहीच, उभं आहे. लोक बसमध्ये चढावं तसे रस्त्यातल्या सार्वजनिक लिफ्टने डोंगर चढतात. सकाळी फोकाच्या नावाची खारट, तेलकट, जाड रोटी दुधाच्या कॉफीत बुडवून खातात. शी म्हटलं. मग खाल्ली. आता रोज खाते.

१४ ऑक्टोबर
पुन्हा चुकले! डोंगराच्या लिफ्टने फारच वर गेले. तिथल्या रस्त्यावरून एक छोटा लोखंडी पूल समोरच्या गच्चीवर जातो. तुळशीसारख्या बासिलच्या कुंड्यांमध्ये एक बाई कपडे वाळत घालत होत्या — जेम्माबाई. "हे कुठलं घर?" "चौदा. काळा." गच्चीतून अठरा पायऱ्या उतरले, तर समोर अमेदेओकाकांचं दार! आणि वरचा रस्ता सपाट, बाक, खाली अख्खं बंदर. मी नाचायचीच बाकी होते.

जाताना विचारलं, "काकांना इथून नेऊ का?" बाईंचा चेहरा बदलला. "त्याला मागू दे." गच्चीच्या दाराची किल्ली त्यांच्याकडेच असते.

१५ ऑक्टोबर
काका: "मेलो तरी मागणार नाही!" बावीस वर्षांपूर्वी कुंड्यांचं पाणी त्यांच्या रविवारच्या शर्टावर गळलं. त्यांनी चार शब्द सुनावले, बाईंनी चाळीस. तेव्हापासून बोलणं बंद. अख्ख्या इमारतीला ठाऊक, म्हणून कुणी विषयच काढत नाही. मीच एक नवखी.

फार राग आला मला. शर्टापायी समुद्र सोडायचा!

२१ ऑक्टोबर
मासेवाल्याकडे जेम्माबाई. माशांकडे बघतच त्यांनी विचारलं, "जखम कशी आहे त्याची?"
"जखम भरतेय. माणूस सुकतोय," म्हटलं.

२४ ऑक्टोबर
गच्चीचं दार सताड उघडं! कुंड्या भिंतीकडे सरकवून मधे वाट केलेली. बाईंचा पत्ता नाही. धावत खाली गेले.

"वाऱ्याने उघडलं असेल," काका म्हणाले.
"वारा कुंड्या सरकवत नाही, काका."
काकांनी पट्टीचा पाय जमिनीवर टेकवला. मग मला म्हणाले, "नीवेस, माझे बूट बघ कुठे आहेत." पाचव्या पायरीवर बसले, अकराव्या पायरीवर बसले. रडायला मलाच आलं.

३० ऑक्टोबर
लेकीचा फोन, धापा टाकत — "एकशे बारा पायऱ्या चढून आले, बाबा घरात नाहीत!" मी वर पळाले. बाकावर काका आणि जेम्माबाई पत्ते खेळत होते, तावातावाने भांडत. काकांनी मान वर केली नाही. "जा, तिला वर घेऊन ये. जन्म इथलाच तिचा, पण आमच्या घरचा रस्ता तिला माहीत नाही."